वर्गणीचं बळ आणि एकटीवरचा हल्ला

व्हिडिओ गेम म्हणजे पोरासोरांचा खेळ, त्यावर स्त्रीमुक्तीच्या अंकात पानं कशाला खर्च करायची, असं काही मैत्रिणींना वाटेल. रेशन, पाणी, मारहाण, पोटगी हे प्रश्न सुटलेले नसताना हा विषय चैनीचा वाटणं स्वाभाविक आहे. माझ्याकडे रोज येणाऱ्या बायकाही नवऱ्याच्या आणि सासरच्या तक्रारी घेऊन येतात, गेमच्या नव्हे. तरीही हा विषय मी हट्टानं मांडते आहे, आणि त्याचं कारण दोन प्रश्नांत आहे. बाईला स्वतंत्रपणे बोलायचं तर त्यासाठी पैसा कोण देणार? आणि ती बोलल्यावर तिच्या पाठीशी कोण उभं राहणार? आपल्या चळवळीचे हे जुनेच प्रश्न आहेत. गेल्या पंधरा वर्षांत अमेरिकेतल्या व्हिडिओ गेमच्या जगात ते फार उघड्या रूपात समोर आले. पहिल्याचं उत्तर तिथं मिळालं, दुसऱ्याचं मिळालं नाही. माझ्या मते आपण शिकण्यासारखं जे आहे, ते या तफावतीत आहे.

जाहिरातदाराचा पैसा

व्हिडिओ गेमची माध्यमं, म्हणजे गेमची परीक्षणं आणि बातम्या देणारी मासिकं व संकेतस्थळं, बरीच वर्षं गेम काढणाऱ्या कंपन्यांच्याच जाहिरातींवर चालली. ज्याच्या मालाचं परीक्षण करायचं तोच पगाराचा पैसा पुरवणार, अशी ही व्यवस्था. तिचा परिणाम २००७ च्या नोव्हेंबरमध्ये दिसला. 'गेमस्पॉट' या मोठ्या संकेतस्थळाचे संपादक जेफ गर्स्टमन यांनी एका गेमला बेताचे गुण दिले. त्याच गेमच्या जाहिराती तेव्हा त्या संकेतस्थळभर झळकत होत्या. गर्स्टमन यांना नोकरीवरून काढण्यात आलं. जाहिरातदारांच्या दबावापुढे व्यवस्थापन झुकलं, हे ते २०१२ मध्ये उघडपणे सांगू शकले. दरम्यान २००८ मध्ये त्यांनी 'जायंट बॉम्ब' हे वेगळं संकेतस्थळ काढलं होतं, आणि पुढं त्याला वाचक-प्रेक्षकांच्या वर्गणीचा आधार मिळाला.

याच सुमारास चाहत्यांकडून थेट पैसा गोळा करण्याच्या सोयी निघाल्या. २००९ मध्ये 'किकस्टार्टर' सुरू झालं. एखाद्या ठरावीक कामासाठी लोकांनी आधी पैसे द्यायचे, ठरलेली रक्कम जमली तरच ते पैसे काम करणाऱ्याला मिळायचे, अशी त्याची पद्धत. २०१३ मध्ये 'पॅट्रिऑन' आलं. ते काढणाऱ्या दोघांपैकी जॅक काँटे हा संगीतकार. एका चित्रफितीवर त्यानं हजारो डॉलर खर्च केले होते, आणि जाहिरातींतून त्याच्या हाती फारच थोडं येणार होतं. त्यावरचा उपाय म्हणून त्यानं मासिक वर्गणीची ही सोय काढली. आवडत्या कलाकाराला, लेखकाला, पत्रकाराला दरमहा एक-दोन-पाच डॉलर द्यायचे आणि त्यातला ठरावीक हिस्सा मध्यस्थ कंपनीनं ठेवायचा.

आपल्याला यात नवीन काय आहे? आपली नियतकालिकं वार्षिक वर्गणीदार, आजीव वर्गणीदार आणि हितचिंतक यांच्याच जिवावर चालत आली. सौंदर्यप्रसाधनांच्या जाहिराती नाकारायच्या तर वाचकांपुढे हात पसरायचे, हे आपण केलेलंच आहे. म्हणूनच या व्यवस्थेतून काय निघालं हे आपण बारकाईनं पाहायला हवं.

एका त्रैमासिकापासून सुरुवात

अनिता सार्कीझियन यांनी २००९ मध्ये विद्यार्थिदशेत 'फेमिनिस्ट फ्रीक्वेन्सी' या नावानं चित्रफिती काढायला सुरुवात केली. चित्रपट, मालिका यांतली स्त्रीची प्रतिमा तपासायची, आणि तीही साध्या बोलीत. २०११ मध्ये त्यांची अशीच एक मालिका 'बिच' या अमेरिकन स्त्रीवादी मासिकासाठी झाली. बायकांना हिणवण्यासाठी वापरला जाणारा शब्द मुद्दाम नाव म्हणून घेतलेलं हे नियतकालिक १९९६ मध्ये घरगुती पत्रिकेसारखं सुरू झालं, आणि पुढे ते त्रैमासिक म्हणून निघत राहिलं. २००८ मध्ये पुढचा अंक छापायला पैसे नाहीत, अशी त्यांची वेळ आली होती. वाचकांना आवाहन केलं आणि वाचकांनी अंक वाचवला. असे प्रसंग आपल्या ओळखीचे आहेत.

मे २०१२ मध्ये सार्कीझियन यांनी किकस्टार्टरवर आवाहन केलं की व्हिडिओ गेममधल्या स्त्रीप्रतिमांवर पाच चित्रफिती करायच्या आहेत, त्यासाठी ६,००० डॉलर हवेत. ती रक्कम एका दिवसात जमली. महिनाभरात ६,९६८ लोकांनी मिळून १,५८,९२२ डॉलर दिले. माणशी सरासरी तेवीस डॉलर, त्या वेळच्या दरानं सगळे मिळून ऐंशी-नव्वद लाख रुपये. कोणा धनिकाची ही देणगी नव्हती. हजारो लोकांच्या लहान लहान रकमा होत्या.

आणि त्यांनी दाखवलं काय? मार्च २०१३ मध्ये आलेल्या पहिल्या चित्रफितीचा विषय होता पळवून नेलेली बाई. १९८१ च्या 'डाँकी काँग'मध्ये वानर बाईला उचलून नेतो आणि नायक तिला सोडवायला चढत जातो. १९८५ च्या 'सुपर मारिओ ब्रदर्स'मध्ये राजकन्या पळवली जाते. १९८७ च्या 'डबल ड्रॅगन'ची सुरुवातच बाईच्या पोटात ठोसा मारून तिला खांद्यावर टाकून नेण्यानं होते. सगळ्यात बोलकं उदाहरण क्रिस्टलचं. एका नव्या गेमची नायिका म्हणून ही पात्र घडत होती, स्वतः लढणारी, स्वतः प्रवास करणारी. पुढे कंपनीनं तो गेम आपल्या लोकप्रिय पुरुष नायकाच्या मालिकेत वळवला, आणि २००२ मध्ये तो बाजारात आला तेव्हा क्रिस्टल बराचसा वेळ स्फटिकात अडकलेली, सुटकेची वाट पाहणारी झाली होती. नायिकेची बंदिनी कशी होते हे इतक्या नेमकेपणानं क्वचितच पाहायला मिळतं. आपण पाठ्यपुस्तकं, जाहिराती आणि दूरदर्शन मालिका यांची चिकित्सा केली, त्याच जातीचं हे काम होतं.

हल्ला

हे काम सुरू होण्याआधीच, नुसत्या आवाहनावर हल्ला झाला. त्यांच्याविषयीच्या ज्ञानकोशातल्या नोंदीत घाण भरण्यात आली. गेममधली पात्रं त्यांच्यावर बलात्कार करताहेत अशी चित्रं काढून त्यांना पाठवली. त्यांच्या छायाचित्रावर टिचकी मारली की चेहरा सुजत, रक्ताळत जाईल असा एक 'खेळ' कोणी तयार केला. जसजशा शिव्या वाढल्या तसतसे चिडून पैसे देणारेही वाढले, आणि मग 'रडून पैसे मिळवते' हा आरोप तयारच होता. मार खाल्लेल्या बाईला शेजाऱ्यांनी मदत केली की नवरा म्हणतो, बघा कसं नाटक करून सहानुभूती मिळवते. तोच हा न्याय.

ऑगस्ट २०१४ मध्ये दुसरं प्रकरण उभं राहिलं. झोई क्विन यांनी 'डिप्रेशन क्वेस्ट' नावाचा, नैराश्याच्या अनुभवावरचा छोटा गेम केला होता आणि तो फुकट खुला ठेवला होता. क्विन यांच्या पूर्वीच्या जोडीदारानं त्यांच्या खासगी आयुष्याचं लांबलचक वर्णन इंटरनेटवर टाकलं. त्यावरून, चांगलं परीक्षण मिळवण्यासाठी क्विन यांनी पत्रकाराशी संबंध ठेवले अशी आवई उठली. प्रत्यक्षात त्या पत्रकारानं त्या गेमचं परीक्षण केलेलंच नव्हतं. क्विन आज स्वतःला स्त्री किंवा पुरुष यांपैकी कोणत्याच चौकटीत बसवत नाहीत, पण तेव्हा हल्ला झाला तो 'बाई' म्हणून, 'चारित्र्यहीन बाई' म्हणून. या मोहिमेला 'गेमरगेट' नाव पडलं. क्विन, सार्कीझियन आणि गेमनिर्मात्या ब्रियाना वू यांना धमक्यांमुळे घरं सोडावी लागली. ऑक्टोबर २०१४ मध्ये युटा राज्यातल्या विद्यापीठात सार्कीझियन यांचं व्याख्यान होतं. तिथं गोळीबार करण्याची धमकी आली. धमकीखाली सही होती ती १९८९ मध्ये माँट्रियलच्या तंत्रशिक्षण संस्थेत स्त्रीवाद्यांना दोष देत १४ स्त्रियांना मारणाऱ्या माणसाच्या नावाची. त्या राज्याच्या कायद्यानुसार परवानाधारक श्रोत्यांना पिस्तुल घेऊन सभागृहात येण्यापासून अडवता येत नव्हतं. व्याख्यान रद्द झालं.

हिशेब कोणाकडे मागायचा?

या मोहिमेचं म्हणणं असं की आमचं भांडण बायकांशी नाही, पत्रकारितेतल्या नीतिमत्तेशी आहे. काही पत्रकार पॅट्रिऑनवरून लहान गेमनिर्मात्यांना वर्गणी देत होते, त्यावर बोट ठेवण्यात आलं. 'कोटाकू' या संकेतस्थळानं आपल्या लेखकांना निर्मात्यांना अशी वर्गणी देण्यास मनाई केली आणि नंतर तो नियम थोडा सैल केला. 'पॉलिगॉन'नं असे व्यवहार जाहीर करण्याचं बंधन घातलं.

इथं मला स्पष्ट बोलायचं आहे. पैशाचा व्यवहार जाहीर असावा हे मला पूर्ण मान्य आहे. ज्याच्याविषयी लिहितो त्याला आपण पैसे देत असू किंवा त्याच्याकडून घेत असू, तर वाचकाला ते कळलं पाहिजे. सार्कीझियन यांची २०१२ मध्ये जाहीर झालेली मालिका पुरी व्हायला २०१७ साल उजाडलं. पैसे देणाऱ्यांना विलंबाचं कारण विचारण्याचा हक्क होता. पण हिशेब मागणं वेगळं आणि चारित्र्याची पंचाईत करणं वेगळं. दरमहा पाच डॉलरच्या वर्गणीवर एवढं रान उठलं, पण लाखो डॉलरच्या जाहिराती देणाऱ्या कंपन्यांवर नाही. उलट या मोहिमेनं जाहिरातदारांनाच हाताशी धरलं. ली अलेक्झांडर या पत्रकार स्त्रीनं गेमरांच्या संस्कृतीवर टीका करणारा लेख 'गॅमासूत्र'मध्ये लिहिला, तेव्हा तक्रारींचा भडिमार करून इंटेल कंपनीला तिथली जाहिरात काढून घ्यायला लावली. इंटेलनं पुढे दिलगिरी व्यक्त केली. नीतिमत्तेची भाषा करणाऱ्यांनी एका बाईचा लेख दाबण्यासाठी जाहिरातदाराची सत्ता वापरली, यावरून त्यांचा रोख कळतो. ज्या समाजात बाईच्या पर्समधल्या दहा रुपयांचा हिशेब विचारला जातो आणि नवऱ्याच्या दारूचा विचारला जात नाही, त्या समाजातल्या आपल्याला हे वेगळं समजावून सांगायला नको.

वर्गणी आहे, संघटना नाही

आता माझ्या मुख्य मुद्द्याकडे येते. समाजकार्याच्या शिक्षणात एकेका व्यक्तीबरोबरचं काम आणि समुदाय संघटन या दोन वेगळ्या पद्धती आम्ही शिकलो. चाहत्यांच्या वर्गणीनं पहिली गरज भागते. एकीला पैसा मिळतो, तिचा आवाज मोकळा होतो. पण ज्या सात हजार लोकांनी सार्कीझियन यांना पैसे दिले ते एकमेकांना ओळखत नव्हते, कधी बैठकीला बसले नव्हते. हल्ला करणारे मात्र एकत्र जमत होते, योजना आखत होते, कामं वाटून घेत होते. एका बाजूला वर्गणीदार आणि दुसऱ्या बाजूला संघटना, असा हा विषम सामना होता.

शिवाय ही वर्गणी संस्थेला नसते, चेहऱ्याला असते. कलाकार आजारी पडली, बाळंतपणाला गेली किंवा चार महिने गप्प राहिली की वर्गणी गळते. म्हणून सतत दिसत राहावं लागतं, आणि सतत दिसणारी बाई हे सोपं लक्ष्य असतं. काही वर्गणीदारांना तर वाटू लागतं की महिन्याचे पाच डॉलर दिले म्हणजे तिच्या वेळेवर, हसण्यावर, खासगी आयुष्यावर आपला हक्क आला.

मध्यस्थ कंपनी हीच खरी मालक आहे, हेही विसरता कामा नये. डिसेंबर २०१७ मध्ये पॅट्रिऑननं देणाऱ्यांवर नवा आकार लावायचं जाहीर केलं. एक डॉलर देणाऱ्याला १ डॉलर ३८ सेंट पडणार होते, म्हणजे सर्वांत जास्त झळ सर्वांत गरीब वर्गणीदाराला. आठवडाभरात इतका विरोध झाला की निर्णय मागे घ्यावा लागला. विरोध यशस्वी झाला हे चांगलंच, पण निर्णय घेताना कलाकारांना कोणी विचारलं नव्हतं. आणि पैशाला विचारसरणी नसते. सार्कीझियन यांच्या विरोधात चित्रपट काढण्यासाठी दोन पुरुषांनी याच पॅट्रिऑनवरून वर्गणी जमवली. द्वेषालाही आश्रयदाते मिळतात.

शेवटी काय उरलं? 'बिच' मासिक २०२२ मध्ये बंद पडलं. 'फेमिनिस्ट फ्रीक्वेन्सी'नं २०२० मध्ये गेमच्या जगातल्या छळग्रस्तांसाठी मदतवाहिनी सुरू केली होती. ती वाहिनी आणि संस्था, दोन्हींचं काम २०२३ मध्ये थांबलं. आशेच्या काही खुणाही आहेत. २०२३ मध्ये गेमविषयक पत्रकारितेतून बाहेर पडलेल्या काहींनी मिळून 'आफ्टरमाथ' काढलं. ते काम करणाऱ्यांच्याच मालकीचं आहे आणि वाचकांच्या वर्गणीवर चालतं. 'जायंट बॉम्ब' २०२५ मध्ये तिथल्याच कर्मचाऱ्यांनी विकत घेतलं. वर्गणी एका चेहऱ्याला न देता एका गटाला दिली, तर एक जण थकली तरी काम चालू राहू शकतं.

आपल्याकडे

हे लोण आपल्या दारात आलेलं आहे. एप्रिल २०२४ मध्ये पंतप्रधानांनी सात गेमरांना भेटीला बोलावलं, त्यांत स्त्री एकच होती, मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्याची पायल धारे. डिसेंबर २०२५ मध्ये तिच्या नावानं एक बनावट चित्रफीत पसरवली गेली. तिनं गप्प न बसता जाहीर निवेदन काढलं, आणि महाराष्ट्र सायबर विभागाकडे गुन्हा नोंदवला गेला. माझ्या कामात भेटणाऱ्या वस्तीतल्या मुली मोबाइलवर गेम खेळतात तेव्हा बऱ्याच जणी मुलाचं नाव घेतात आणि आवाज बंद ठेवतात. 'मग खेळू नका, फोन बंद करा' हा सल्ला म्हणजे 'रात्री बाहेर पडू नका' या सल्ल्याचंच नवं रूप आहे.

कायद्याचा आधार अपुरा आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ नुसार बाईचा पाठलाग करणं आणि तिच्या इंटरनेट वापरावर पाळत ठेवणं हा गुन्हा आहे. पण हे कलम एका पुरुषानं वारंवार दिलेला त्रास ओळखतं. हजार पुरुषांनी प्रत्येकी एकच घाणेरडा संदेश पाठवला तर 'वारंवार' कोणी केलं, हा प्रश्न उरतोच. झुंडीचा पाठलाग कायद्याच्या नजरेत अजून नीट आलेला नाही.

पैशाच्या बाजूनंही आपल्या वाटा अरुंद आहेत. परकीय देणगी नियमन कायद्यानुसार नोंदणीकृत नियतकालिकाच्या संपादक-प्रकाशकांना परदेशी देणगी घेता येत नाही. परदेशातल्या भारतीय नागरिकानं स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेले पैसे चालतात, पण तिनं तिथलं नागरिकत्व घेतलं असेल तर तेच पैसे परदेशी ठरतात. म्हणजे आपल्याला इथल्या वाचकाच्या वर्गणीखेरीज दुसरा भरवशाचा आधार नाही.

म्हणून माझ्या काही सूचना आहेत. इंटरनेटवर एकटीच्या बळावर बोलणाऱ्या, लिहिणाऱ्या, चित्रफिती करणाऱ्या तरुणींना आपल्या गटांनी स्वतःहून गाठावं. त्यांना वर्गणी द्यावीच, पण त्याबरोबर चार माणसंही द्यावीत. हल्ला झाला की आलेली घाण तिनं स्वतः वाचायची नाही. दुसऱ्या दोघींनी वाचायची, तारीखवार नोंद ठेवायची, प्रती जपायच्या आणि पोलिसांत तिच्याबरोबर जायचं. आपण पोलीस ठाण्यात मार खाल्लेल्या बाईबरोबर जातोच, हे त्याहून वेगळं नाही. वर्गणी घेणाऱ्या प्रत्येकीनं वर्षाकाठी जमाखर्च जाहीर करावा, म्हणजे हिशेबाच्या नावाखाली चारित्र्याची चौकशी करणाऱ्यांना परस्पर उत्तर मिळेल. आणि मुलींच्या शिबिरात जाहिराती व मालिकांबरोबर गेमही चिकित्सेला घ्यावेत. मुलग्यांच्या शिबिरात तर आधी घ्यावेत.

मुलग्यांच्या आयांशीही बोलायला हवं. अलाना पियर्स ही ऑस्ट्रेलियन गेम-समीक्षक. बलात्काराच्या धमक्या देणारे बरेच जण अल्पवयीन मुलं आहेत हे तिच्या लक्षात आलं, तेव्हा २०१४ मध्ये तिनं त्यांच्या आयांना शोधून ते संदेश पाठवले. निदान एका आईनं तरी मुलाच्या वतीनं माफी मागितली आणि मुलाला फैलावर घेतलं. सगळा भार पुन्हा आईवरच टाकावा असं मी म्हणत नाही, बापांनाही बोलवा. पण धमकी देणारा कोणी अनोळखी राक्षस नसतो, आपल्याच घरात जेवायला बसणारा मुलगा असू शकतो, हे एकदा मान्य केलं की काम कुठून सुरू करायचं ते कळतं.

बाईला बोलण्यासाठी पैसा लागतो आणि तो तिला तिच्याच ऐकणाऱ्यांनी द्यावा, हे तत्त्व मला मोलाचं वाटतं. पण नुसती वर्गणी भरली की आपलं कर्तव्य संपलं, ही समजूत घातक आहे. ज्यांच्या गटांनी असं काही काम केलं असेल, ज्यांच्या मुलींना असे अनुभव आले असतील, त्या मैत्रिणींनी जरूर लिहावं. ज्यांना हा विषय अजूनही चैनीचा वाटतो त्यांनीही लिहावं. पुढच्या अंकात ही चर्चा चालू राहावी अशी माझी इच्छा आहे.